वाकड्या काठाचा वाडगा

गेल्या शिगम्याच्या सुमारास आमचा मामेभाऊ सुट्टीवर घरी आला. तो तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. वर्षाचे आठ-नऊ महिने पाण्यावर आणि उरलेले घरी, असा त्याचा संसार. आमच्या गोव्यात अशी घरे गावोगाव आहेत आणि तारवटी परतला की त्याची पेटी उघडण्याचा सोहळा त्या घरांत सणासारखा साजरा होतो. कोणास घड्याळ, कोणास अत्तर, मुलांस चॉकलेटे अशी वाटणी चालू असता त्याने तळाशी हात घातला आणि हलक्या लाकडाची, फितीने बांधलेली एक लहानशी चौकोनी पेटी बाहेर काढून “हें मास्तराक” म्हणत आमच्या पुढ्यात ठेवली. तिचा थाट पाहून सर्व मंडळी भोवती जमली. आम्ही फीत सोडली, आतले पिवळे फडके उलगडले. निघाला मातीचा एक वाडगा!

मंडळींची निराशा लपण्यासारखी नव्हती. जांभ्या दगडावर पातळ चुन्याचा हात फिरवावा तसा त्याचा रंग. काठ एका बाजूस किंचित खाली गेलेला. झिलईवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पसरलेले. आणि बुडाच्या ज्या कड्यावर तो उभा राहतो, त्या कड्यातच कोणी सुरीने कापून काढावी तशी एक खाच. आमच्या मातुःश्रींनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि भाच्यास विचारले, “पयशे दिवन हें मोडकें कित्याक हाडलें रे?”

बोट शिमोनोसेकी बंदरास लागली असता तेथील एका छोट्या दुकानात त्याने तो घेतला होता. हागी नावाच्या गावची ही भांडी, चहा पिण्याची, हाताने घडविलेली, एवढेच त्यास समजले होते. दुकानातील वृद्ध बाईने खुणांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती अशी की, वाडगा आधी पाण्यात भिजवावा, मग त्यात चहा ओतावा. मामेभावाने ते आम्हांस सांगितले आणि आम्ही ते विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यात आपला नेहमीचा दूधसाखरेचा चहा ओतला आणि वर्तमानपत्र उघडले. वाडगा उचलला तेव्हा मेजावर एक ओले वर्तुळ उमटले होते. मातुःश्रींनी निकाल दिला, “गळता!” मामेभाऊ आठ दिवसांनी बोटीवर परत गेला, त्याच दिवशी वाडगा तुळशीवृंदावनाशेजारच्या कट्ट्यावर गेला. उन्हाचे दिवस होते. पाखरांस प्यावयास पाणी हवे होते. चिमण्या आणि बुलबुल यांनी मात्र वाडग्याविषयी काही तक्रार केली नाही.

पावसाच्या आरंभी मामेभावाचा कोठल्याशा बंदरातून दूरध्वनी आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने विचारले, त्या वाडग्यातून चहा घेतोस ना? आम्ही “हो” म्हणून मोकळे झालो. वर्गात मुलांस खोटे बोलू नये म्हणून सांगणाऱ्या माणसाने चहासारख्या गोष्टीसाठी खोटे बोलावे, हे मनास लागून राहिले. त्या संध्याकाळी आम्ही वाडगा आत आणून पुसला. पाहतो तो त्याचा रंग पालटला होता. भेगांचे ते जाळे आता पिंपळपानाच्या शिरांसारखे तपकिरी दिसू लागले होते आणि बाहेरच्या अंगास कोठे कोठे पावसाच्या ओलीने भिंतीवर उठावेत तसे डाग उमटले होते. वाडगा बिघडला की काय, हे पाहण्यासाठी आम्ही वाचावयास बसलो. आज वाचकांपुढे जे ठेवीत आहोत ते त्या वाचनाचे फळ.

पहिली गोष्ट कळली ती अशी की वाडगा बिघडला नव्हता. हागीची माती सच्छिद्र असते; झिलईतील भेगांवाटे चहा तिच्यात झिरपतो, वर्षे जातात तसा तो तिच्यात मुरतो, गळणे थांबते आणि रंग पालटत जातो. जपानी रसिक यास हागीची सात रूपे म्हणतात आणि ती पाहण्यासाठीच हे भांडे घेतात. आम्ही ज्यास दोष समजलो तो त्याचा धर्म होता.

दुसरी गोष्ट वाचून मात्र हसू आवरेना. मातुःश्रींच्या कृतीस चारशे वर्षांपूर्वीचा आधार निघाला, आणि तोही गोव्याशी संबंध असलेल्या माणसाचा! आलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन जेझुइट १५७४ साली गोव्यास आला आणि येथून पुढे १५७९ साली जपानास गेला. तेथे बुंगो प्रांताच्या अधिपतीने त्यास चहाची पूड ठेवण्याची मातीची एक लहानशी बरणी मोठ्या अभिमानाने दाखविली. तिच्यासाठी त्याने हजारो मोहरा मोजल्या होत्या. वालिन्यानोने लिहून ठेवले आहे की, आपल्याकडे असल्या भांड्याचा उपयोग पक्ष्याच्या पिंजऱ्यात पाणी ठेवण्यापलीकडे झाला नसता. तथापि तो शहाणा होता. जपानी माणसाच्या मनात शिरावयाचे तर त्याच्या चहाचा मान राखला पाहिजे हे ओळखून त्याने आपल्या पंथाच्या तेथील घरांत पाहुण्यांस चहा देण्याची स्वतंत्र व्यवस्था ठेवावयास लावली. वालिन्यानोइतके शहाणपण आम्हांस येण्यास चार महिने लागले.

जपानचा हा चहा आपल्यासारखा उकळलेला नसतो. हिरव्या पानांची बारीक पूड वाडग्यात घेऊन तीवर गरम पाणी ओततात आणि बांबूच्या काड्यांच्या रवीने घुसळून फेस आणतात. म्हणजे चहा वाडग्यातच तयार होतो. वाडगा हे नुसते प्यावयाचे भांडे नव्हे, ते करावयाचेही भांडे होय. त्यास कान नसतो. जाड भिंतीमुळे हातास चटका बसत नाही, ऊब तेवढी पोहोचते. पाहुणा तो डाव्या तळहातावर घेतो, त्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांस लागू नये म्हणून थोडा फिरवितो आणि पितो. पिऊन झाल्यावर चटईजवळ वाकून तो वाडगा निरखतो, उलटा करून बूडही पाहतो. आपल्याकडे कोणाच्या घरी चहा पिऊन बशीचे बूड पाहू लागलो तर यजमान काय म्हणेल!

एइसाई नावाचा भिक्षू ११९१ साली चीनहून चहाचे बी घेऊन परतला, तेव्हापासून हा पूड घुसळण्याचा प्रघात जपानात रुजला असे मानतात. प्रारंभी वाडगेही चीनचेच उत्तम समजले जात. काळ्या झिलईवर तेलाचे थेंब किंवा तारे उमटावेत तशा त्या चमकदार वस्तू. पुढे सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) हा चहाचा आचार्य झाला आणि त्याने सारी अभिरुची उलटी केली. त्याचा धनी तोयोतोमी हिदेयोशी याने सोन्याने मढविलेली चहाची खोली करविली होती. रिक्यूची म्हणून मानलेली क्योतोजवळची ताइआन ही खोली दोन चटयांएवढी आहे, मातीच्या भिंतींची. या खोलीस शोभेल असे भांडे त्याने चोजिरो नावाच्या कारागिराकडून घडवून घेतले. चोजिरो चाक वापरीत नसे. मातीचा गोळा तळहातांनी उभारून तो सुरीने तासावयाचा, आणि वाडगा भट्टीत लाल झाला की चिमट्याने बाहेर काढून थंड होऊ द्यावयाचा. काळ्या वाडग्यावर त्या चिमट्याची खूण राहून जाते, ती कोणी पुसत नाही. राकू या नावाने ते घराणे क्योतोत आजही हेच काम करीत आहे. २०१९ साली त्याची धुरा सोळाव्या पिढीकडे आली. या चोजिरोचा बापही चीनमधून आलेला होता असे परंपरा सांगते.

हे वाक्य वाचून आम्ही थबकलो, कारण पुढे पाहावे तेथे हीच गोष्ट भेटू लागली. जपान सरकारने ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून ठरविलेले चहाचे वाडगे अवघे आठ आहेत. त्यांतील पाच चीनचे, एक कोरियाचा. जपानी कुंभाराच्या हातचे दोनच. आणि तो एक कोरियाचा म्हणजे ज्याची कीर्ती सर्वांत अधिक, तो ‘किझाएमोन’ होय.

तो क्योतोतील दाइतोकुजी मठाच्या कोहोआन या शाखेत आहे. तोंड साधारण १५ सेंटीमीटर रुंद. रंग पिकल्या फळासारखा पिवळट. बुडाशी झिलई गोळा होऊन खरखरीत झालेली. मध्यभाग चाकावर झरझर ओढल्याच्या रेषा तशाच आहेत. यानागी सोएत्सु हे जपानी विचारवंत १९३१ साली तो पाहावयास गेले. पेटीत पेटी, तीत आणखी पेटी, रेशमाची गुंडाळी, असे करीत वाडगा बाहेर आला तेव्हा, आपण पाहतो आहो ते गरिबाचे भात खाण्याचे भांडे, याहून साधे काही असू शकत नाही, असे त्यांस वाटले. आणि याच साधेपणात त्याचे सारे मोल आहे असा त्यांनी निष्कर्ष काढला. असे वाडगे कोरियात गठ्ठ्याने होत असावेत, करणारास आपण काही सुंदर करीत आहो याची जाणीवही नसावी, असे त्यांचे म्हणणे. अलीकडे काही अभ्यासक तो भाताचा नसून पूजेतील पात्र असावे असे म्हणतात. तो वाद विद्वानांचा. गंमत एवढीच की जपानी भाषेत ‘चावान’ म्हणजे चहाचा वाडगा, आणि रोजच्या भाताच्या वाडग्यासही तोच शब्द चालतो.

किझाएमोन हे नाव कुंभाराचे नव्हे. ते ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचे, ज्याच्यापाशी तो वाडगा होता. त्याच्या एका मालकाविषयी अशी कथा सांगतात की, दैव फिरून तो भिकेस लागला, तरी वाडगा पिशवीत घालून गळ्यात बाळगीत असे, आणि अंगभर गळवे होऊन मेला. १७७५ साली मात्सुए येथील अधिपती मात्सुदाइरा फुमाइ याने तो ५५० ऱ्यो, म्हणजे तितक्या सोन्याच्या मोहरा देऊन घेतला. त्यालाही गळवे झाली; पुढे मुलासही झाली; तेव्हा घरच्यांनी भिऊन तो मठास देऊन टाकला. वाडग्याच्या मालकांची अशी वंशावळ तिथीवार सांगता येते. कुंभाराविषयी एक अक्षर नाही.

त्याच जातीचा दुसरा एक वाडगा हिदेयोशीपाशी होता. एके दिवशी हुजऱ्या मुलाच्या हातून तो पडला आणि त्याचे पाच तुकडे झाले. हिदेयोशीचा राग म्हणजे प्राणाशी गाठ. जवळच होसोकावा युसाइ हा सरदार बसला होता. तो कवीही होता. त्याने एका जुन्या, सर्वांस पाठ असलेल्या कवितेतील शब्द फिरवून, पाच तुकडे झाल्याचा दोष आपल्या माथी घेणारे विनोदी पद्य तेथल्या तेथे रचले. हिदेयोशी हसला आणि मुलगा वाचला. वाडगा जोडून घेतला आणि तो आजही जपलेला आहे. कविता पाठ करून काय उपयोग, असे विचारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी ही गोष्ट मुद्दाम येथे नोंदवीत आहोत.

परंतु हाच हिदेयोशी, आणि कोरियाचेच हे वाडगे. १५९२ साली त्याने कोरियावर सैन्य पाठविले आणि १५९८ साली तो मरेपर्यंत ते युद्ध चालले. परतताना जपानी सरदारांनी जी लूट आणली तीत माणसे होती, आणि त्या माणसांत कुंभार होते. जपानात या युद्धास ‘भांड्यांचे युद्ध’ असेही नाव पडले आहे. ज्या वस्तूंवर हे सरदार जीव टाकीत होते, त्या घडविणारे हातच त्यांनी उचलून आणले. आरिता येथे पांढऱ्या चिनी मातीचा शोध लागून जपानात पहिली चिनी मातीची भांडी झाली, त्याचे श्रेय परंपरेने यी साम-प्योंग या कोरियन कुंभारास आणि १६१६ या वर्षास दिले जाते. हागीची कथाही तीच. मोरी तेरुमोतो हा सरदार १६०४ साली हागीस राहावयास आला. त्याच्याबरोबर यी जाक-ग्वांग आणि यी ग्योंग हे दोघे कोरियन भाऊ होते. त्यांनी तेथे भट्टी लावली. धाकट्यास पुढे ‘साका कोराइझाएमोन’ हे जपानी नाव मिळाले. त्यातील ‘कोराइ’ म्हणजे कोरिया. त्याचा देश त्याच्या नावात तेवढा उरला.

म्हणजे आमच्या तुळशीपाशी पाखरांचे पाणी धरून बसलेल्या त्या वाडग्याची कुळकथा अशी होती. ‘पहिले राकू, दुसरे हागी, तिसरे कारात्सू’ असे चहाचे जाणते म्हणतात. तिन्हींच्या मुळाशी समुद्रापलीकडून आलेला माणूस आहे.

सात्सुमा प्रांताची हकिगत आम्हांस सर्वांत अधिक चटका लावून गेली. या प्रांतातील कागोशिमा बंदराचे नाव गोव्यातील वाचकांस ठाऊक असेल. १५४९ साली गोव्याहून निघालेले सेंट फ्रान्सिस झेवियर जपानात प्रथम उतरले ते तेथे. त्यानंतर अर्धशतकाने, १५९८ साली, शिमाझू योशिहिरो या सरदाराने पकडून आणलेले कोरियन कुंभार त्याच प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यांनी बरोबर आपली माती आणली होती, झिलईचे साहित्यही आणले होते. त्या पहिल्या वाडग्यांस जपानीत ‘हिबाकारी’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘अग्नी तेवढा’. माती कोरियाची, झिलई कोरियाची, हात कोरियाचे. भट्टीतील अग्नी तेवढा जपानचा. या एका शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. घर सोडून गेलेल्या माणसाविषयी इतके थोडक्यात सांगणारा शब्द आम्हांस कोंकणीत किंवा मराठीत आठवला नाही.

त्या कुंभारांची वस्ती नाएशिरोगावा येथे झाली. तेथील अधिपतीने त्यांस कोरियन नावे, पोशाख आणि भाषा टिकवावयास लावली. ती कौतुकाने की वेगळे ठेवण्यासाठी, याचा निवाडा वाचकांनी करावा. आम्ही घरी एक भाषा बोलणारे आणि शाळेत दुसरी शिकविणारे. दोन्हींचे प्रेम आम्हांस कोणी हुकूम देऊन लावलेले नाही, एवढे भाग्य आमचे. पुढे राज्य बदलले आणि तीच नावे अडचणीची झाली. याच गावी १८८२ साली जन्मलेला, पाक घराण्यातील एक मुलगा. बापाने १८८६ साली जपानी आडनाव विकत घेतले आणि मुलगा तोगो शिगेनोरी या नावाने १९४१ व पुन्हा १९४५ साली जपानचा परराष्ट्रमंत्री झाला. दुसरे एक घराणे आपले कोरियन आडनाव न सोडता चिन जुकान या नावाने त्याच गावी आजही भट्टी चालवीत आहे, पंधरावी पिढी.

आता वाडगा कट्ट्यावर ठेवणे शक्य नव्हते. पाखरांची सोय आम्ही नारळाच्या करवंटीत केली. दुकानातील बाईने सांगितल्याप्रमाणे वाडगा आधी भिजवून घेऊ लागलो आणि सकाळचा चहा त्यात पिऊ लागलो. मामेभावास दिलेले उत्तर अशा रीतीने उशिरा का होईना, खरे केले. मातुःश्रींचे मत बदललेले नाही. पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय जे भांडे पाणी धरीत नाही ते भांडे कसले, असे त्या विचारतात, आणि त्यांस उत्तर देणे सोपे नाही.

एके दिवशी आम्ही तो नववीच्या वर्गात नेला. इतिहासाचा तास होता. वर सांगितलेली सर्व हकिगत मुलांस सांगितली. किझाएमोनची किंमत सांगितली तेव्हा वर्गात कुजबुज झाली. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. हा कुंभारवाड्यावरून येतो. एरवी फारसा बोलत नाही. त्याने विचारले, “सर, ते साडेपाचशे कुंभाराला मिळाले?”

आम्ही म्हणालो, नाही. कुंभार त्यापूर्वीच कधीतरी मरून गेला होता. त्यास मिळाले असतील ते एका वाडग्याचे पैसे, किंवा तेवढे धान्य.

“आणि त्याचे नाव?”

“नाव कोणास ठाऊक नाही.”

तो बसला. पण आमच्या मनात भलतेच काही सुरू झाले. आमच्या स्वयंपाकघरातील बुडकुली, अंगणातील कुंड्या, उन्हाळ्यातील पाण्याचे मडके, हे सारे गेली वीस वर्षे या मुलाच्या घरून येते. मातुःश्री ‘कुंभाराकडून आणले’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. त्याच्या बापाचे नाव हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे आहे आणि आम्ही ते रोज मोठ्याने वाचतो. त्या नावाची आणि त्या मडक्याची सांगड आम्ही आजवर एकदाही घातली नव्हती. यानागींच्या अनाम कारागिराविषयी आम्ही त्या दिवशी वर्गात पाऊण तास बोललो होतो, आणि चांगले बोललो अशी आमची समजूत होती.

मग वाडगा बाकांवरून फिरू लागला. बहुतेक मुलांनी आत डोकावून पाहिले, कोणी टिचकी मारून पाहिली, एकाने डोक्यावर टोपीसारखा धरला व आमची नजर पाहून खाली ठेवला. तो मागच्या बाकावर पोहोचला. त्या मुलाने आत पाहिलेच नाही. त्याने तो प्रथम उलटा केला. खाचेवरून अंगठा फिरविला. मग कड्यापाशी जेथे झिलई संपते तेथे त्यास काही दिसले, आणि तो वाडगा खिडकीच्या उजेडाकडे नेऊन पाहू लागला. आम्ही त्याच्यापाशी गेलो. इतके महिने रोज हाताळूनही आम्हांस जे दिसले नव्हते ते त्याने बोटाने दाखविले. तेथे झिलईत तीन लहान लांबट जागा कोऱ्या होत्या, नुसती माती दिसत होती. “सर, झिलईत बुडवताना त्याने इथे धरले होते.”

त्याने आपली तीन बोटे त्या जागांवर ठेवून पाहिली. ती नीट पोहोचेनात. वर्गातली मराठी सोडून तो आपल्याशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, “हाचीं बोटां लांब आसलीं.”

वाडगा त्याने पुढे दिला नाही आणि आम्ही मागितला नाही. घंटा होईपर्यंत तो त्याच्याच बाकावर उलटा होता.